तिचा तास

१

नलूला वाटलं होतं, बायकांना हे काम शिकवायला महिना तरी जाईल. कोइमतूरहून येताना दोन दिवसांच्या रेल्वेप्रवासात तिने वही भरून ठेवली होती. पहिले आठ दिवस नुसती फुलाची ओळख. मग चित्रं. नर, मादी म्हटलं की बायका पदर तोंडाला लावतील, म्हणून त्या शब्दांना पर्याय. शेताच्या कडेच्या धुऱ्यावर उभे राहून दात काढणाऱ्या गड्यांना द्यायची उत्तरं. कळी उकलणं पाप आहे असं एखादी म्हातारी म्हणेलच, तिच्यासाठी तर दीड पान.

त्यातलं काहीच झालं नाही. बायका एका दुपारीत शिकल्या.

नलू ही नालवाडीच्या वासुदेवरावांची मुलगी. वासुदेवराव वर्ध्याला कचेरीत कारकून होते. आई गेली तेव्हा नलू दहा वर्षांची होती. ती आधी पुण्याला मावशीकडे गेली आणि तिथून शेतीच्या शिक्षणासाठी थेट दक्षिणेला. चौदा वर्षांनी, एकोणऐंशी सालच्या सप्टेंबरात, ती परत आली ती हट्टाने. प्रयोगशाळेतली नोकरी सांगून आली होती, ती नाकारून. दरसाल बाहेरून विकत आणावं लागणारं संकरित कपाशीचं बी इथल्याच मातीत, कापूस वेचणाऱ्या बायकांच्याच हातांनी तयार व्हावं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. वडिलांचे स्नेही रूपराव यांनी गिरडजवळची नाल्याकाठची तीन एकर जमीन तिला करायला दिली. पत्रातून कळवल्याप्रमाणे पेरणीही करून ठेवली. ती आली तेव्हा पीक कमरेला लागलं होतं आणि कळ्या धरल्या होत्या.

काम नाजूक, पण अवघड नव्हे. कपाशीच्या फुलात नर आणि मादी एकाच घरात नांदतात. फूल उमललं की स्वतःचेच पराग स्वतःवर पडतात आणि बोंड धरतं. संकर हवा तर तेवढंच होऊ द्यायचं नाही. उद्या उमलणारी कळी आज दुपारी हेरायची, अंगठ्याच्या नखाने बुडाशी गोल चीर द्यायची आणि बाळाचं टोपरं ओढावं तशा पाकळ्या-पुंकेसर एका झटक्यात काढून घ्यायचे. मधला पांढरा स्त्रीकेसर तेवढा उरतो. त्यावर लाल कागदाची बोटभर टोपी. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी काढायची, शेजारच्या तुकड्यातलं नराचं फूल त्यावर हलकेच फिरवायचं आणि देठाला पांढरा दोरा बांधायचा. लाल टोपी म्हणजे तयार. पांढरा दोरा म्हणजे झालं.

बायकांची बोटं दुपारच्या कामाने नखांपर्यंत पिवळी होत. टोळीची म्होरकी रुखमा, साठीची, दात पडलेली, पण हाताने सगळ्यांत चपळ. तिने पहिल्याच दिवशी दुपारच्या कामाला 'हळद' आणि सकाळच्या कामाला 'लगन' असं नाव ठेवलं आणि नलूचे सगळे पर्यायी शब्द वहीतच राहिले.

"दिवसाच्या एवढ्या नवऱ्या उजवून राह्यली बाई," रुखमा म्हणायची, "आन् सोता तशीच."

सगळ्या हसायच्या. नलूही हसायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र रुखमा गंभीर चेहऱ्याने पुढे आली. तिच्या मागे बाकीच्या उभ्या राहिल्या.

"बाई, एक तास तिच्यासाठी ठेवजा. मंग काई अडचन नाई."

नेमकी त्याच वेळी धुरपता धुरा ओलांडून येत होती. नाल्यापलीकडच्या जंगलूची बायको, वीस वर्षांची, कडेला सहा महिन्यांची लेक. दोन्ही दिवस तिला उशीर झाला होता. नलूला भरून आलं. स्वतःसाठी काही न मागता या बायका लेकुरवाळीसाठी सवलत मागत होत्या. तिने वही उघडली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "ठीक आहे. एक तास धुरपताला दिला. आजपासून." आणि तसं लिहून घेतलं.

 रुखमा तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "तुमी शिकेल हा. तुमाले समजते."

धुरपताने लेकीला कडेवरून खाली घेतलं, नाल्याच्या बाजूला एकदा पाहिलं आणि मान हलवली. "बरं," ती म्हणाली.

२

आठ वाजता काम सुरू व्हायचं. धुरपता नऊला आली तरी चालणार होतं. पण दुसऱ्या दिवसापासून ती सगळ्यांच्या आधी यायला लागली. नलू आठला पोचायची तेव्हा ती वावरात असायची, नाल्यालगतच्या शेवटच्या ओळीत. दुसऱ्या ओळीत ती गेली नाही, आणि तिच्या ओळीत दुसरी कुणी आली नाही. काम करत करत बायका शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत यायच्या आणि तिथूनच पाठ फिरवायच्या. नलूला वाटलं, मिळालेल्या सवलतीची पोरीला लाज वाटते, म्हणून दुप्पट राबते.

बाभळीच्या फांदीला लेकीची झोळी बांधलेली असे. झोळी आधी सावलीत असायची.

तीन आठवड्यांनी नलूने बोंडं तपासली. हाताने केलेल्या शंभर फुलांमागे पस्तीस-चाळीस बोंडं धरली तरी तिच्या प्राध्यापकांनी पाठ थोपटली असती. तेवढी होती. शेवटच्या ओळीत मात्र एकही दोरा रिकामा नव्हता. जिथे जिथे पांढरा दोरा, तिथे तिथे बोंड. नलू ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा गेली. आनंदाने तिला दम लागला. धुरपताच्या हातात काय आहे ते शिकायला हवं, असं तिने वहीत लिहिलं.

पानांचं तिच्या लक्षात आलं ते त्याच दिवशी, चार वाजता.

कपाशीची पानं दिवसभर उन्हाकडे वळत राहतात. सकाळी पूर्वेला, संध्याकाळी पश्चिमेला. ऊन हेच त्यांचं अन्न, मग तोंड तिकडेच असणार. हे नलूने मोजपट्टी लावून पाहिलेलं होतं. तेव्हा सगळं वावर गिरडच्या डोंगराकडे तोंड करून उभं होतं. शेवटच्या ओळीची पानं खाली झुकली होती. खाली, बांधाकडे. तिथे धुरपता बसून दोऱ्याची गुंडी सोडवत होती.

नाल्याची ओल असेल. एखादा रोग असेल, देठ मऊ करणारा. नलूने दोन पानं तोडून वहीत दाबली. दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम सव्वासहाला आली. धुरपता अजून यायची होती. सूर्य नाल्याच्या उजव्या अंगाला वर येत होता आणि सगळी कपाशी त्याच्याकडे बघत होती. शेवटची ओळ बघत होती समोर, नाल्यापलीकडे. तिथे जंगलूचं घर होतं.

धुरपता यायच्या आतच ती रूपरावांकडे गेली आणि विचारलं. ते पान लावत होते. चुना लावलेलं बोट हवेत धरून ते म्हणाले की शेवटच्याकडे आपण बघत नसतो. बाकीचं पीक चांगलं आहे ना, मग झालं. नलूला राग आला. शेतकऱ्याने आपल्याच शेताकडे बघायचं नाही, हे तिला कोणत्याही पुस्तकात सापडलं नसतं.

३

अकराला 'लगनं' आटोपली की बायका बाभळीखाली भाकर सोडत. धुरपताची फडकी तीन दिवस सुटलीच नाही. चौथ्या दिवसापासून तिने फडकी आणणंच बंद केलं. सावलीत न बसता ती बांधावर बसायची, पाय पसरून, डोळे मिटून, तोंड वर. ऑक्टोबरचं ऊन, चटका देणारं. बाकीच्या तिच्याकडे पाठ करून जेवत.

नलूने आपल्या डब्यातली पोळी तिच्यापुढे धरली.

"नको, बाई. भूक नाई लागत."

"किती दिवस?"

"उन्हात बसलं का पोट भरते," धुरपता म्हणाली. तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं.

नलूने मनातल्या मनात त्या घरावर खटला भरला. बाईने रांधायचं आणि उपाशी झोपायचं, हे तिने वाचलेलं होतं. संध्याकाळी ती नाला ओलांडून जंगलूकडे गेली. एक खोली, पुढे सारवलेलं अंगण, चुलीवर भाताचं पातेलं. जंगलू सरळ माणूस होता. त्याने तिला बाज दिली, स्वतः उभा राहिला. त्याचंही तेच गाऱ्हाणं होतं. ती वाढते, पण खात नाही. त्याने रागावून पाहिलं, समजावून पाहिलं. वाळली असती तर त्याने बैद आणला असता, पण ती तर भरत चालली होती.

ते खरं होतं. धुरपताचे दंड गोल झाले होते, कातडीवर तकाकी आली होती. दिवस मावळत होता. नलू बोलत असताना धुरपता चुलीपुढे बसल्या जागी हळूहळू गप्प होत गेली. आधी हात थांबले. मग मान छातीवर आली. पापण्या पूर्ण मिटल्या नव्हत्या.

"दिवस बुडला का अशीच होते," जंगलू म्हणाला. "सकाळी ऊन आलं का उठते. मी हलवून पाह्यलं. उठत नाई."

झोळीतली लेक जागी होती. ती रडत नव्हती. नलूच्या लक्षात आलं, ती आल्यापासून पोर एकदाही रडली नव्हती.

४

नलूने तिला हिंगणघाटच्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं. सकाळच्या एसटीने तिघी निघाल्या. धुरपता डाव्या खिडकीशी बसली, लेक मांडीवर. समुद्रपूरच्या वळणावर गाडी वळली आणि ऊन उजवीकडे गेलं. धुरपता उठली आणि उजवीकडच्या बाकावर जाऊन बसली. पुढे रस्ता पुन्हा फिरला. ती पुन्हा उठली. कंडक्टर म्हणाला, बाई, ही काय संगीत खुर्ची चालली आहे. लोक हसले. नलूही हसली, पण तिची नजर लेकीवर होती. सहा महिन्यांचं ते पोर मांडीवर पडल्या पडल्या मान फिरवत होतं. आईच्या आधी.

दवाखान्याची बसायची खोली अंधारी होती. हिरवा रंग, वर फिरणारा पंखा, औषधांचा वास. पाऊण तास बसावं लागलं. दहाव्या मिनिटाला धुरपताचे खांदे उतरले. विसाव्या मिनिटाला तिचं डोकं नलूच्या खांद्यावर आलं. ते डोकं जड नव्हतं. तोडून ठेवलेल्या फांदीला असावं तेवढंच वजन होतं त्याला. पंखा प्रत्येक फेरीला टक् आवाज करायचा आणि नलू तो आवाज मोजत राहिली, कारण तिला धुरपताचा श्वास ऐकू येत नव्हता.

डॉक्टरांनी धुरपताला खिडकीपाशी नेलं तशी ती सावरली. नाडी चांगली, रक्त चांगलं, दूध भरपूर. उपास-तापास करत असेल, त्यांनी नलूला बाजूला घेऊन सांगितलं, बायका खोटं बोलतात. नलूला हे पटायला हवं होतं. तिने ते पटवून घेण्याचा प्रयत्न परतीच्या सबंध प्रवासात केला.

उन्हं कलताना त्या वावरापाशी उतरल्या. धुरपताला चालवत नव्हतं. तिला हाताला धरून नलू शेवटच्या ओळीपर्यंत आली आणि उभी राहिली.

बाकीचं पीक डोंगराकडे, मावळतीकडे बघत होतं. शेवटची ओळ रस्त्याकडे वळलेली होती. ज्या रस्त्याने हिंगणघाटची गाडी येते, त्या रस्त्याकडे. पानन्‌पान.

५

दुसऱ्या दिवशी नलू साडेसहाला वावरात आली. आदल्या आठवड्यापासून सकाळी गारठा पडू लागला होता. नाल्यावर पांढुरकी वाफ होती आणि तिच्या तोंडातूनही वाफ निघत होती. ती बाभळीच्या बुंध्यामागे उभी राहिली. आपण एका मजुरीच्या बाईवर पाळत ठेवतो आहोत, याची तिला शरम वाटली. पण कारण साधं होतं. ही पोर सकाळचं काम कशी करते, ते तिने एकदाही पाहिलं नव्हतं. नलू येण्याआधी शेवटच्या ओळीचं सकाळचं काम झालेलं असायचं.

धुरपता आली. लेकीची झोळी तिने उघड्या बांधावर दोन बांबूंना बांधली, सावली पडणार नाही अशी. मग ती ओळीच्या मधोमध जाऊन उभी राहिली. हात अंगाशी. तोंड पूर्वेला. तिच्या तोंडातून वाफ निघत नव्हती.

सूर्य वर आला. ऊन ओळीच्या टोकाला लागलं आणि बारीक आवाज सुरू झाला. टिप्. टिप्. टिप्. दवाचे थेंब पडत असावेत तसा. ते थेंब नव्हते. लाल कागदी टोप्या एकेक करून खाली पडत होत्या. ऊन जसं पुढे सरकेल तसतशा, एकामागून एक.

धुरपताने बोट हलवलं नव्हतं.

झाडांच्या पलीकडच्या अंगाला, नाल्याच्या बाजूने, काहीतरी सरकत होतं. घाई नव्हती त्यात. सवयीचं काम करणारी बाई जशी सरकते तसं. पानांच्या फटीतून नलूला फक्त दोन बोटं दिसली, पेरापर्यंत पिवळी. अंगठा आणि तर्जनी. ती एका फुलाशी थांबली, काहीतरी हलकेच फिरवलं, दोरा बांधला, पुढे गेली. नलूने शिकवलं होतं अगदी तसंच. उलट जास्त सफाईने.

रुखमा लवकर आली असेल, नलूने स्वतःला सांगितलं. रुखमाची बोटं अशीच आहेत.

ती बोटं धुरपतापाशी आली. थांबली.

"काय पाहून राह्यले, बाई?"

नलूच्या मागे, धुऱ्यावर, रुखमा उभी होती. डोक्यावर भाकरीची फडकी, नुकतीच रस्त्याने आलेली. नलूने तिच्याकडे पाहिलं, आणि परत ओळीकडे पाहिलं तेव्हा तिथे एकटी धुरपता होती. सगळ्या ओळीत पांढरे दोरे होते. धुरपताच्या उजव्या करंगळीलाही एक होता.

६

त्या दिवशी नलूने कुणाला काही विचारलं नाही. आठ तास ती वावरात फिरली, बायकांना सूचना दिल्या, टोप्या मोजून दिल्या. तिचं डोकं आपलं काम करत होतं. धुकं. ऊन डोळ्यांवर. नाल्यापलीकडच्या कुणा बाईची गुपचूप मदत, दोस्ती, दुसरं काय. करंगळीचा दोरा धुरपताने स्वतःच गंमत म्हणून बांधला असेल. प्रत्येक गोष्टीला एक कारण होतं आणि प्रत्येक कारण वेगळं होतं. एवढ्यावरूनच, तिच्या प्राध्यापकांनी सांगितलं असतं, तर्क चुकतो आहे हे ओळखावं.

पाचला बायका हात धुवायला नाल्यावर गेल्या. नलू झोळीपाशी गेली. पोर जागी होती, मावळतीकडे मान वळवून पडलेली. तिची एक मूठ उघडी होती. त्या हाताच्या करंगळीवर लाल कागदाची टोपी होती.

लाल टोपी म्हणजे तयार.

धुरपताला विचारलं तर तिने टोपीकडे नुसतं पाहिलं. "मीनं नाई घातली," ती म्हणाली. तिची जीभ जड झाली होती, ऊन उतरत होतं. मग बऱ्याच वेळाने, झोपेतून बोलावं तसं, तिने नलूचा हात धरला. "बाई, माह्या लेकीले भूक लागाले पायजे ना?"

नलू रुखमाला हाताला धरून बाभळीखाली घेऊन गेली. तिचा आवाज चढला होता. ही कोण येते पहाटे? तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे आणि तुम्ही पाठ फिरवून जेवता. एका पोरीला एकटी टाकून.

रुखमा खाली बसली. तिने उत्तर दिलं ते चिडून नव्हे, गोंधळून.

"तिले तास तं तुमीनं देल्ला, बाई."

"तास मी उशिरा यायला दिला होता. आठाऐवजी नऊ."

रुखमाला ते कळलंच नाही. तिने नलूकडे पाहिलं, मग मनगट वर करून घड्याळाची खूण केली. नलूने 'हो' म्हणून मान डोलावली. तेव्हा रुखमाचा चेहरा बदलला. ती हळूच उठली, वावराकडे हात केला, आणि पेरणीच्या एकेका ओळीवरून बोट फिरवत, लहान पोराला शिकवावं तसं म्हणाली, "हा तास. हा तास. हा तास." बोट नाल्याकडच्या शेवटच्या ओळीवर थांबलं. "आन् तो तिचा."

नलू ओळ म्हणायची. पुस्तकात ओळ होती. चौदा वर्षांत, तीन भाषांत, आपल्याच गावचा हा एक शब्द तिच्या हातून निसटला होता.

"ती म्हणजे कोण?"

"कोन म्हंजे? जिचा तास ती." रुखमाने याहून जास्त कधी विचार केला नसावा. "पेरतो, आन् सोडून देतो. त्यातलं बोंड आमी वेचत नाई. बस. मांगच्या लोकाईनं बी असंच केलं. नाव कोनी नोतं देल्लं त्याले. तुमीनं देल्लं. सगळ्याइच्या समोर."

"मला सांगितलं का नाहीत?"

"सांगतलं तं होतं."

नाल्यावर बायकांच्या बांगड्या वाजत होत्या. नलूने विचारलं, धुरपताला माहेरी पाठवलं तर. रुखमा म्हणाली, हिंगणघाटले नेलतं ना तुमीनं. टोपी काढून टाकली तर? टोपी काढली म्हणून हळद उतरत नाई. सगळी ओळ उपटून जाळली तर? यावर रुखमाने फक्त धुरपताकडे पाहिलं. ती बांधावर मान खाली घालून बसली होती आणि ओळीतली खालची पानं तिच्या केसांना टेकली होती. कोण कुठे संपतं ते त्या उजेडात सांगता आलं नसतं.

"देल्लेला तास वापस नाई येत," रुखमा शेवटी म्हणाली. "रिकामा बी नाई राहत आता. नाव बदलता येते फक्त."

"कुणाचं?"

"मले इचारू नका, बाई," रुखमा म्हणाली, आणि फडकी उचलून निघून गेली. तिच्या चालण्यात लाज होती. पण ती थांबली नाही.

नलू खोलीवर आली आणि वही उघडून बसली. कामावरच्या बायकांची यादी पहिल्या पानावर होती. नऊ नावं. प्रत्येकीपुढे तिने पहिल्या आठवड्यात काहीतरी लिहिलं होतं: हात हलका, नजर चांगली, दोन मुलं, विधवा, शाळेत जाऊ इच्छिते. या बायकांसाठी ती परत आली होती. एका नावावरून दुसऱ्या नावावर तिचं बोट फिरलं, आणि आपण काय करतो आहोत हे ध्यानात येताच तिने वही मिटली. वहीत दाबलेली दोन पानं खाली पडली. इतक्या दिवसांनी ती सुकायला हवी होती. ती हिरवी होती.

७

सकाळी ती सातच्या आधी वावरात पोचली. सवयीने डबा हातात होता. बाकीच्या बायकाही आल्या होत्या, इतक्या लवकर, न बोलावता. त्या धुऱ्यावर ओळीने उभ्या होत्या. कुणी खाली उतरलं नव्हतं.

धुरपता ओळीच्या मधोमध उभी होती. झोळी उघड्या बांधावर. पोरीची मूठ झोळीबाहेर आलेली, करंगळीवर लाल टोपी. नाल्याच्या वाफेमागे उजेड पिवळा होत चालला होता.

नलू बांध उतरून शेवटच्या ओळीत शिरली. पानं ओली होती, गार होती. साडीला घासली तेव्हा ती नुसती घासली नाहीत. थोडी धरून मग सोडत होती. पलीकडच्या अंगाला पाहायचं नाही, एवढं तिने ठरवलं होतं. काहीतरी तिच्याबरोबरीने चालत होतं, तिच्याच वेगाने, आणि ती थांबली तेव्हा थांबलं.

ओळीतूनच ती बांधावरच्या झोळीवर वाकली. पोरीच्या करंगळीवरची टोपी तिने दोन बोटांनी काढली, उमलायच्या कळीला हात लावावा तितक्या हळुवारपणे. आणि स्वतःच्या करंगळीवर चढवली. ती बसायला नको होती. बसली.

मग तिने वळून, धुऱ्यावरच्या आठही जणींना ऐकू जाईल अशा आवाजात, तास दिला त्या दिवशी बोलली होती तसंच सांगितलं:

"धुरपता, तू घरी जा. हा तास माझा."

वारा नव्हता. तरी तिच्या मागे ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कोरडी सळसळ गेली, कुणी मोठं पुस्तक एका हाताने चाळावं तशी. नलूने मागे पाहिलं नाही. पानं कुठे वळली, हे तिला पाठीवर समजत होतं.

पोर रडली. आधी कण्हल्यासारखी, मग छाती फुटेस्तोवर, भुकेची. धुरपता दचकली, दोनदा डोळे मिचकावले आणि धडपडत झोळीकडे धावली. तिच्या करंगळीवरचा दोरा कधी गळून पडला ते कुणी पाहिलं नाही. पोरीला पदराखाली घेऊन ती मटकन बांधावर बसली. 

"बाई," ती म्हणाली, "लई भूक लागली."

नलूने आपला डबा उघडून तिच्यापुढे ठेवला. धुरपता दोन्ही हातांनी खाऊ लागली. अर्धी पोळी संपल्यावर तिला भान आलं. तिने डबा परत पुढे सरकवला.

"आन् तुमाले?"

ऊन नाल्यावरून वर आलं आणि नलूच्या तोंडावर पडलं.

"मला भूक नाही," ती म्हणाली. पोरीला बरं वाटावं म्हणून म्हणाली. म्हटल्यावर तिच्या लक्षात आलं, ते खरं होतं.